आधी कॉटेजवर फोन, मग बॅगा

पत्र

ताई, मी धायरीला राहते. पंधरा ऑगस्टला जोडून सुट्टी आली म्हणून दिरांनी मुळशीच्या पुढे तीन दिवसांसाठी एक कॉटेज घेतलंय. सासूबाई, आम्ही दोघं, आमची दोन मुलं, दीर-जाऊ, त्यांची मुलगी आणि नणंद, अशी नऊ माणसं. गेल्या वर्षी भोरकडे गेलो होतो. सात बॅगा, दोन पिशव्या किराणा, इडलीपात्र, मिक्सरसुद्धा नेला होता. तीन दिवस मी ओट्यापाशीच उभी होते. परत आल्यावर हे म्हणाले, मस्त झाली ना ट्रिप, आणि मला एकदम रडू आलं. ह्या वेळी दहा दिवसांपासून यादी करतेय, ती संपतच नाही. सासूबाई 74 वर्षांच्या. गुडघे दुखतात, शुगर आहे, इन्सुलिन चालू आहे. मुलं 12 आणि 7 वर्षांची. दीर म्हणतात, वहिनी आहे म्हणजे काळजी नाही. काय न्यायचं, काय नाही, आणि मी ह्या वेळी तरी पाऊस कधी बघायचा, तेवढं सांगा. तिथलं कॉटेज बघणाऱ्या काकांचा नंबर मिळालाय, पण त्यांना रात्री आठनंतरच रेंज येते.

— एक वाचक, धायरी

उत्तर

प्रिय मैत्रिणी,

तुमच्या पत्रातलं मिक्सरचं वाक्य मी दोनदा वाचलं. ज्या बाईला सुट्टीवर जाताना मिक्सर न्यावा लागतो, तिला सुट्टी मिळालेलीच नाही. म्हणून सामानाचं बोलण्याआधी एक सांगते. तुमची यादी संपत नाही, कारण जिथे जायचंय ते घर तुम्हाला माहीत नाही. घर माहीत नसलं की मन सगळ्याची तजवीज करत बसतं. तिथे कढई नसेल तर, उशा कमी पडल्या तर, दूध नाही मिळालं तर. ह्यातल्या प्रत्येक 'तर'साठी एक पिशवी भरली जाते. काकांशी दहा मिनिटं नीट बोलणं झालं, तर निम्म्या पिशव्या भरायच्याच राहतील.

हे मी अनुभवाने सांगतेय. काही वर्षांपूर्वी आम्ही पानशेतच्या बाजूला गेलो होतो. बुकिंग करताना 'किचन आहे' एवढंच ऐकलं होतं. पोचलो तेव्हा रात्रीचे साडेआठ झाले होते, पाऊस कोसळत होता आणि घरात लाइट नव्हती. शेगडी होती, सिलिंडरही होता, पण लायटर फिरवल्यावर नुसतीच फुसफुस. सिलिंडर रिकामा. गावातलं दुकान बंद झालेलं. माझ्याकडे पाच किलो तांदूळ, तीन प्रकारच्या डाळी, सगळे मसाले होते आणि मुलं बिस्किटं खाऊन झोपली. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण गोळी रिकाम्या पोटी घ्यावी लागली म्हणून रात्रभर त्यांना मळमळत होतं. तेव्हापासून मी सामान काढण्याआधी फोन करते.

काय विचारायचं? सिलिंडर भरलेला आहे का आणि जोडीला दुसरा आहे का, हे पहिलं. मग पाण्याचं. मुळशी-ताम्हिणीच्या पट्ट्यात पावसाळ्यात लाइट गेली तर कधी कधी दुसऱ्या दिवशीच येते. इन्व्हर्टरवर दिवे-पंखे चालतात, पण गीझर आणि पाण्याची मोटर चालत नाही. म्हणजे लाइट गेल्यावर नऊ माणसांना टाकीत असेल तेवढंच पाणी. टाकी किती लिटरची आणि आदल्या दिवशी भरून ठेवाल का, हे विचारा. 'गरम पाण्याला सोलर आहे' असं सांगितलं तर ऑगस्टमध्ये त्याचा उपयोग नाही असंच धरा, चार-चार दिवस तिथे ऊन दिसत नाही. बंब आहे का विचारा. बंब आणि कोरडी लाकडं असतील तर अंघोळीची चिंता मिटली.

पुढचे प्रश्न सासूबाईंचे आहेत, आणि ते सगळ्यांत महत्त्वाचे. गाडी दारापर्यंत जाते का? नसेल तर किती पायऱ्या, आणि त्या दगडी आहेत का? पावसात दगडी पायऱ्यांवर शेवाळ धरतं, तिथे गुडघे दुखणारं माणूस सोडा, आपलाही पाय सटकतो. कमोड आहे का, आणि तो त्यांच्या खोलीला लागून आहे की अंगण ओलांडून? अंघोळीला बसायला स्टूल आहे का? नसेल तर घरातलं प्लास्टिकचं स्टूल डिकीत टाका. तुमच्या सगळ्या सामानात ही एक वस्तू मी डोळे मिटून न्यायला सांगेन. पलंग किती आहेत तेही विचारून घ्या. 'नऊ जणांची सोय' म्हणजे पुष्कळदा दोन पलंग आणि बाकी गाद्या जमिनीवर. पलंग सासूबाईंचा, हे आधीच ठरलेलं बरं.

औषधांचा डबा एकाच बॅगेत ठेवू नका. तीन दिवसांसाठी पाच दिवसांची औषधं घ्या. घाटात दरड आली तर रस्ता बंद राहतो, आणि एक दिवसाचे दोन होतात. निम्मी सासूबाईंच्या पर्समध्ये, निम्मी तुमच्या यजमानांकडे. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो दोघांच्या फोनमध्ये असू द्या. इन्सुलिनबद्दल फार घाबरायचं कारण नाही. वापरात असलेलं पेन किंवा बाटली साधारण चार आठवडे फ्रिजबाहेर टिकते, आणि मुळशीची ऑगस्टमधली हवा तशी गारच असते. मात्र ते गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवायचं नाही आणि बर्फाला चिकटू द्यायचं नाही, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. एका स्टीलच्या डब्यात ओल्या फडक्यात गुंडाळून, गाडीत पायाशी. निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना एक फोन करून डोसचं आणि शुगर उतरली तर काय करायचं ते विचारून घ्या. रस्त्यात जेवण लांबलं तर म्हणून खडीसाखर त्यांच्या हाताशी ठेवा.

आता स्वयंपाक. पहिल्यांदा हे ठरवा की ह्या वेळी तुम्ही स्वयंपाक करायचा नाही. काकांच्या घरी स्वयंपाक होत असेल, आणि ह्या भागात तो बहुतेक ठिकाणी होतो, तर दुपारचं आणि रात्रीचं जेवण त्यांच्याकडून घ्या. पिठलं, भाकरी, ठेचा, भात-आमटी. नऊ माणसं म्हटल्यावर किती भाकऱ्या, आणि सासूबाईंसाठी तिखट कमी, हे आदल्या दिवशी सांगा. त्यांच्या घरच्या माऊलीला ऐन वेळी पंचवीस भाकऱ्या थापायला लावणं बरं नव्हे. पैसे आधी विचारा आणि पुरते द्या. भात तिथलाच आंबेमोहर असेल तर वाफेबरोबरच वास येतो, त्याला तुमच्या मिक्सरमधल्या चटणीची गरज नाही.

घरून काय न्यायचं? माझ्याकडे एक पिशवी असते, तिला आमच्याकडे 'पहिल्या संध्याकाळची पिशवी' म्हणतात. ती डिकीत सगळ्यांत शेवटी जाते, म्हणजे सगळ्यांत आधी हाताला लागते. तिच्यात खिचडीची पुडी असते. नऊ जणांसाठी चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या मुगाची डाळ, दोन्ही घरीच निवडून एकत्र करायचं, त्यातच हळद, हिंग, जिरं, थोडा गोडा मसाला आणि मोजून मीठ. वरून लहान डबीत तूप. तिथे गेल्यावर धुवत बसायचं नाही म्हणून मी डाळ-तांदूळ आदल्या दिवशी धुऊन पंख्याखाली फडक्यावर पूर्ण कोरडे करते, मग मसाला लावते. पातेल्यात पुडी रिकामी करून तिप्पट पाणी घातलं की झालं, हे काम बारा वर्षांचा मुलगाही करतो. त्याच पिशवीत काडेपेटी, तीही प्लास्टिकच्या डबीत, कारण दमट हवेत काड्या पेटत नाहीत. दोन मेणबत्त्या, टॉर्च, चहा-साखर, आल्याचा तुकडा, दूध पावडर, भांडी पुसायचं एक कोरडं फडकं, साबणाची वडी आणि हातपाय पुसायला पंचा. पोचल्यावर कुणीही कुठलीही बॅग उघडायची नाही, आधी ह्या पिशवीतून चहा होतो. पावसातून आलेल्या माणसाला तो पहिला चहा मिळाला की घर आपलं वाटायला लागतं.

बाकी दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, लोणचं, मेतकूट, एक डबा लाडू. बस. दूध काकांकडे किंवा गावात मिळेल. इडलीपात्र घरीच ठेवा.

कपड्यांत सगळ्यांत जास्त जागा वाया जाते ती जीन्स आणि टर्किश टॉवेलांनी. ताम्हिणीच्या हवेत भिजलेली जीन्स दोन दिवस वाळत नाही, आणि ओला टर्किश टॉवेल दुसऱ्या सकाळी कुबट वास मारतो. माणशी दोन पंचे द्या. पातळ असतात, पिळले की निम्मे कोरडे होतात, आणि शेगडीजवळच्या दोरीवर तासाभरात वाळतात. दोरी मात्र घरून न्या, दहा हात तरी. टेरिकॉटच्या किंवा ट्रॅकच्या पँट, तीन दिवसांना चार जोड, आणि रात्रीसाठी पूर्ण कोरडा असा एक वेगळा जोड, जो कुठल्याही परिस्थितीत बाहेर घालून जायचा नाही. प्रत्येक बॅगेच्या आत आधी कचऱ्याची मोठी पिशवी पसरा आणि कपडे तिच्यात भरा. पाऊस तिरपा लागला की टपावरची ताडपत्री उपयोगाची राहत नाही. जुने पेपर न्या, रात्री बुटांत कोंबून ठेवले की सकाळपर्यंत बरंच पाणी शोषून घेतात. सासूबाईंना स्वेटर, पायमोजे, आणि त्यांची नेहमीची गोधडी. तिथल्या रजया पावसाळ्यात दमट असतात, आणि त्या वयात परक्या, ओलसर पांघरुणात झोप लागत नाही.

चांदणी चौकातून सकाळी सहाच्या आत बाहेर पडा. जोडसुट्टीला आठनंतर भूगाव आणि पिरंगुटला गाडी सरकत नाही. पेट्रोल पौडच्या पुढे जाण्याआधी भरा. पन्नास-शंभरच्या नोटा जवळ ठेवा, रेंज नसेल तिथे फोनवरून पैसे देता येत नाहीत. रस्त्याचा नकाशा आधीच उतरवून घ्या. धरणाचं पाणी दिसू लागलं की मुलांना सांगा, ह्याच धरणासाठी जमिनी जाणार म्हणून 1921 साली इथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट त्यात होते. बारा वर्षांच्या मुलाला हे कळतं, आणि मग ते पाणी त्याला नुसतं फोटोपुरतं राहत नाही.

ह्याच्या पुढचा भाग मी काळजीने लिहितेय, आणि तो तुम्ही दिरांना आणि यजमानांना वाचून दाखवावा अशी विनंती आहे.

25 जुलै 2024 ला ताम्हिणीत 24 तासांत 556 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. पुण्यात वर्षभरात सरासरी सातशेच्या थोडा वर पडतो. म्हणजे आपल्या शहराच्या वर्षाच्या पावसातला बहुतेक पाऊस तिथे एका दिवसात पडला. त्याच दिवशी तुमच्या सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत पाणी शिरलं होतं, ते तुम्ही जवळून पाहिलं असेल. त्याआधी 30 जूनला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात पुण्याच्याच एका कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. ते उभे होते तिथे आधी पाणी फार नव्हतं. वर डोंगरात पडलेला पाऊस खाली पोचायला थोडा वेळ लागतो, आणि पोचतो तेव्हा एकदम पोचतो. म्हणून नियम एकच ठेवा. ओढ्यात, धबधब्याच्या वाटेत, धरणाच्या काठावर मुलं उतरणार नाहीत, आणि मोठी माणसंही नाहीत. पाणी अचानक गढूळ झालं, पालापाचोळा वाहत आला की क्षणभरही न थांबता वर यायचं. पावसाळ्यात जिल्हाधिकारी काही ठिकाणी जायला बंदी घालतात. कुठे बंदी आहे ते निघायच्या दिवशी बघा आणि ती पाळा. पाऊस पडवीत बसूनही दिसतो. सात वर्षांच्या मुलाला अंगणातल्या पन्हळीखाली उभं केलंत तरी त्याचा धबधबा होतो.

साप-विंचवाचं वाचून सासूबाई घाबरतील, त्यांना हा भाग दाखवू नका. पण तुम्ही जाणून असा. अंधार पडल्यावर टॉर्चशिवाय अंगणात कुणी पाय ठेवायचा नाही. बूट घालण्याआधी उलटे करून झटकायचे. बंबाची लाकडं मुलांनी उचलायची नाहीत. गाद्या भिंतीपासून जरा लांब घाला आणि पांघरूण जमिनीवर लोळू देऊ नका. मण्यार रात्री फिरते आणि तिचा दंश कधी कधी झोपेत कळतही नाही. कुणाला काही चावलंच, तर घट्ट आवळून बांधायचं नाही, चिरायचं नाही, तोंडाने ओढायचं नाही. हातापायातल्या अंगठ्या, घड्याळ, जोडवी काढायची, तो हात किंवा पाय हलू द्यायचा नाही, आणि सरळ दवाखाना. 108 ला फोन लागतो का बघा, नाही लागला तर आपल्या गाडीने. नाग, मण्यार, घोणस, फुरसं ह्या चौघांवर एकच लस चालते. पौडला ग्रामीण रुग्णालय आहे. तुमच्या कॉटेजपासून सगळ्यांत जवळ लस कुठे असते, हे काकांना फोनवर विचारून ठेवा. लाल विंचवाचा दंशही हलका समजू नका. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी त्यावर प्राझोसिन हे औषध वापरून अनेक जीव वाचवले, पण त्यासाठी माणूस वेळेत डॉक्टरांसमोर यावा लागतो.

जळवा लागल्या तर ओढून काढू नका, मीठ लावा, गळून पडतात. थोडा वेळ रक्त येतं, तेवढंच.

आता तुमचं खरं दुखणं. 'वहिनी आहे म्हणजे काळजी नाही' हे वाक्य दीर प्रेमाने म्हणतात, ह्याबद्दल मला शंका नाही. पण ते ऐकून नऊ माणसांची काळजी तुमच्या एकटीच्या डोक्यात येऊन बसते. नुसत्या बॅगा भरायला मदत मागून हे सुटणार नाही. कारण मग ते विचारतात 'वहिनी, काय भरू?' आणि यादी पुन्हा तुमचीच. पूर्ण खातं दुसऱ्याकडे जायला हवं. फोन, काकांशी बोलणं, जेवणाची ऑर्डर, पैसे, पेट्रोल हे सगळं दिरांचं. कॉटेज त्यांनी घेतलंय. सासूबाईंची औषधं, इन्सुलिन, स्टूल, गोधडी तुमच्या यजमानांचं. त्यांची आई आहे. तीन दिवसांचा नाश्ता आणि चहा जावेकडे आणि नणंदेकडे. मुलं आपली बॅग आपण भरतील, मोठा लहान्याला मदत करेल. पहिल्या संध्याकाळची पिशवी हवं तर तुमच्याकडे ठेवा. सासूबाईंना वगळू नका, दशम्या त्यांना करू द्या, किंवा तांदूळ निवडायला द्या. ज्या घरात सगळे काही ना काही करतायत तिथे नुसतं बसून राहणं म्हाताऱ्या माणसाला फार लागतं.

कागदावर नावं लिहून तो कागद फ्रिजवर लावा. आणि ह्यानंतरचं अवघड काम तुमचं आहे. तपासायचं नाही. यजमान पायमोजे विसरले तर विसरले, तुमचा एक जोड द्या. नाश्ता नऊऐवजी दहाला झाला तर दहाला. पहिल्या दिवशी तुमचे पाय आपोआप स्वयंपाकघराकडे वळतील. तेव्हा चहाचा कप घेऊन पडवीत या. औषध आणि ओढ्या-धरणाच्या पाण्याचा नियम, ह्या दोन गोष्टी सोडून काहीही चुकलं तरी कुणाचं काही बिघडत नाही. ती दोन मात्र यजमानांना निघण्याआधी एकदा स्पष्ट विचारा.

आणखी एक वाक्य यजमानांशी बोलून घ्या. गेल्या वर्षी रडू आलं होतं, हे त्यांना माहीत आहे का? तुमच्या पत्रावरून मला वाटलं, नसावं. भांडणासारखं नको, रागाने नको, एखाद्या रात्री जेवणं आटोपल्यावर सांगा. त्यांना ट्रिप मस्त वाटली, कारण तुम्ही ओट्यापाशी होतात, हे त्यांच्या लक्षातच आलं नसेल. बहुतेक माणसं सांगितल्यावर ओशाळतात आणि बदलतात.

घर बंद करताना दूध-पेपर थांबवणं, गॅसचा रेग्युलेटर काढणं, तुळशीला शेजाऱ्यांनी पाणी घालणं हे तुम्ही करताच. एक जास्तीचं करा. निघायच्या आदल्या रात्री पलंगांवर धुतलेल्या चादरी घालून ठेवा, आणि परतीच्या दिवशी दुपारी बाराच्या आत कॉटेज सोडा. उजेडात घरी आलात तर ओले कपडे मशीनला लागतात आणि दुसऱ्या दिवशीच्या डब्याचा विचार करायला डोकं जागेवर असतं. त्या रात्रीचं जेवण बाहेरून मागवा.

काकांना आठनंतरच रेंज येते म्हणालात ना? मग आज रात्री सव्वाआठला फोन होऊ दे. प्रश्न एका कागदावर लिहा, सिलिंडरपासून सापाच्या लसीपर्यंत, आणि तो कागद दिरांच्या हातात द्या. फोन त्यांनी करायचा.

तुमची,
ताई